रिकामा चौकोन

१

सकाळी दुकान उघडलं की मी आधी मशीनची चाचणी पट्टी काढतो आणि मग देवाला अगरबत्ती लावतो. माझी बायको सारजा यावरून लग्न झाल्यापासून बोलते. पण देवाला थोडा उशीर चालतो, मशीनला चालत नाही. हेडमध्ये शाई वाळली की हेड गेलं. पट्टीवर निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा चारही रंगांच्या रेघा सलग आल्या की माझा दिवस सुरू होतो.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं छपाईचं दुकान आहे. पुढं काउंटर, मधे मशीनची खोली, मागं आम्ही राहतो. वाढदिवसाचे फ्लेक्स गल्लोगल्ली छापतात, त्यात मी पडलो नाही. मी रोलच्या कागदावर मोठे नकाशे छापतो. घरांचे, शेडचे, पाइपलाइनचे आणि गेल्या चार वर्षांपासून चिपचेही.

चिप म्हणजे मोबाइलच्या पोटात असते ती नखाएवढी वस्तू. तिच्यात एकावर एक थर असतात आणि प्रत्येक थरात बारीक वाटा. तो सगळा नकाशा खोलीएवढा मोठा करून कागदावर छापायचा, जमिनीवर पसरायचा आणि गुडघ्यांवर रांगत लाल पेन्सिलीनं चुका शोधायच्या. आता हे काम कंप्युटरच करतो म्हणा. पण लोणी देवकरला राजवर्धन सरांचे चिपच्या डिझाइनचे वर्ग चालतात, आणि शिकणाऱ्यानं एकदा तरी चिपवर रांगलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट आहे. ते सगळं काम माझ्याकडं येतं.

ते छापायचं सॉफ्टवेअर माझ्या पोरीनं लिहिलं. स्वरूपानं. एकुलती एक होती.

पहिल्यांदा तिनं तो नकाशा माझ्या मशीनवर काढला तेव्हा नुसता चिखल झाला होता. पडद्यावर रंगातून रंग दिसतो, पण कागदावर शाईवर शाई पडली की सगळं मातेरं. मी तिला म्हणालो, बाई, तुझं इंजिनिअरिंग राहू दे बाजूला, शाईचं मला विचार. मग आम्ही बापलेक तीन महिने बसलो. एका थराला तिरप्या रेघा, एकाला ठिपके, एकाला फुल्या, म्हणजे खालचा थर वरच्याच्या फटीतून दिसावा. काळ्या रंगावरून तर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी आठ कागद जोडून जमिनीवर टाकले, तेव्हा सारजा दारात येऊन म्हणाली, "जाजम हातरल्यागत दिसतंय की." स्वरूपानं सॉफ्टवेअरचं नाव तेच ठेवलं. जाजम.

प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात जाजम आपोआप एक यादी छापतं. जेवढे थर, तेवढे छोटे चौकोन. चौकोनात त्या थराचा रंग आणि पुढं त्याचं नाव.

फेब्रुवारीत स्वरूपा गेली. चोवीस वर्षांची होती.

२

आजार रक्ताचा होता. आठ महिने केमोसाठी पुण्याला खेपा चालल्या होत्या. दुसऱ्या वेळेलाच ती मला म्हणाली होती, "आप्पा, आता बास. घरी जाऊ." मी म्हणालो, आणखी एकदाच. पुढच्या वेळेला पुन्हा तेच म्हणालो. असं चार वेळा झालं. डॉक्टर पुढची तारीख लिहायचे, सारजा भिंतीकडं तोंड करायची आणि पोरगी माझ्याकडं बघून हात पुढं करायची, सुईसाठी. हे मी आज सांगतो आहे, तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

शेवटचे पंधरा दिवस तिची गादी मशीनच्या खोलीत होती. घरातला एकमेव एसी तिथं आहे, आणि तिला मशीनचा आवाज हवा असायचा. एका दुपारी सव्वातीन वाजता मशीन एक नकाशा काढत होतं, आणि कागद संपायच्या आत ती गेली.

आमच्याकडं रीत आहे. जिथं जीव गेला त्या जागी संध्याकाळी बारीक पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर डालगं पालथं घालतात. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायचं वेताचं मोठं टोपलं. सकाळी ते उचललं की पिठात काहीतरी उमटलेलं असतं. पाऊल, नाहीतर पाखराचा पंजा, नाहीतर नुसती सरपटल्याची रेघ. त्यावरून ओळखायचं, माणूस कुठल्या जन्माला गेलं.

वरकुट्याहून माझी कुशाआत्या आली होती. तिनंच पीठ चाळलं, तिनंच डालगं घातलं. मला म्हणाली, "सावळा, सकाळी मी उचलीन. दोनी हातानं उताणं करायचं, नाव घ्यायचं आन् जा म्हणायचं. तवर हात लावू नगं."

पहाट झाली तशी मला राहवेना. मशीनच्या खोलीत पीठ म्हणजे मला अंगावर विस्तव. पण खरं कारण ते नव्हतं. माझी पोरगी चिमणी झाली, नाहीतर शेळी झाली, असं चार बायका मला येऊन सांगणार, आणि मी ते ऐकून घ्यायचं, हे मला सोसणार नव्हतं. मी धूळ ओढायचं मशीन आणलं, डालग्याची कड दोन बोटं उचलली, नळी आत घातली आणि तोंड भिंतीकडं फिरवून सगळं पीठ ओढून घेतलं. एकदाही खाली बघितलं नाही. मग ते डालगं पालथंच पायानं कोपऱ्यात सरकवलं.

आत्या उठली तेव्हा मी सांगितलं, एसीच्या वाऱ्यानं पीठ उडालं आणि डालगं मी उचलून ठेवलं. ती पिठाची चाळण धुवायला घेऊन गेली. दिवस निघून गेले. कोपऱ्यातल्या डालग्यावर मी कागदाचे रोल रचायला लागलो, जागा तरी कुठं होती दुसरी.

३

सारजानं तेव्हापासून घरातला एकही जीव मारला नाही.

काय उमटलं होतं ते तिला कळलं नाही ना. म्हणजे पोरगी काय होऊन आली असेल याचा भरवसा नाही. मग मुंगीला साखर, कावळ्याला भात, दारातल्या खरजुल्या कुत्र्याला दूध. डास चावला तरी ती हात उचलत नाही, फुंकर घालते. एकदा मी भिंतीवरची पाल झाडूनं हुसकली, तर ही मटकन खाली बसून रडली. घरात उंदीर झाले. रात्रीच्या पोळ्या सकाळी अर्ध्या असायच्या, आणि ही ते बघून समाधानानं म्हणायची, खाल्लं बाई.

रोज जेवायला वाढताना तिचा एकच प्रश्न. "काय उमटलं व्हतं?"

मी म्हणायचो, काही नाही, उडालं.

"तुमी बगितलंय. मला सांगायचं न्हाय तुमाला."

जून संपता संपता तिनं हातावर घोण, म्हणजे मोठी विषारी गोम, चढू दिली आणि ती चावली. कोपरापर्यंत हात सुजला, ताप चढला, दवाखान्यात दोन दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, वय आणि अंगातलं रक्त बघता थोडक्यात वाचल्या. तिनं मला एवढंच सांगितलं की ती घोण हळूहळू चालत होती, स्वरूपा शेवटी चालायची तशी. कुशाआत्याचा फोन आला. "तिला काय तरी सांग, सावळा. न्हायतर ही बी जाईल."

काय सांगणार होतो? मी बघितलंच नव्हतं.

४

जुलैच्या पहिल्या आठवड्यात राजवर्धन सरांचं काम आलं. जुनीच चिप, अकरा थर, आठ कागद. मी जाजम उघडलं, फाइल घातली, मशीन सुरू केलं. पहिला कागद बाहेर आला तेव्हा सवयीनं कोपऱ्यातली यादी मोजली.

चौकोन बारा होते.

बारावा रिकामा होता. नुसती काळी चौकट, आत कागदाचा पांढरा, आणि पुढं नाव नाही. मी म्हणालो, मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजले. मग फाइल बघितली, तिच्यात अकराच थर. पुन्हा छापलं, तर पुन्हा बारा.

आणि नकाशात, अगदी खालच्या डाव्या बाजूला, ताटलीएवढं एक कडं दिसत होतं. तिथं शाई पडलीच नव्हती. पांढरे बारीक ठिपके, शेजारी शेजारी, गोल फिरलेले. आता माझ्या मशीनमध्ये पांढरी शाई नसते. पांढरं दिसतं ते शाई न पडल्यामुळं. म्हणजे हेड चोंदलं असणार.

माझं मन आधी पिठाकडं गेलं. म्हणालो, बस आता भोग. त्या दिवशीचं पीठ कुठंतरी रुळात बसलं असणार. अर्धा दिवस मशीन खोललं, रूळ पुसले, हेड दोनदा धुतलं. चाचणी पट्टी काढली तर चारही रंग सलग. एका बंगल्याचा नकाशा काढला, तोही स्वच्छ. चिपचा नकाशा जाजममधून काढला की कडं हजर.

आणखी एक गोष्ट झाली, ती मी तेव्हा मनावर घेतली नाही. मशीन थांबलं की हेड उजवीकडं जाऊन खटकन बसतं आणि खोली गप्प होते. त्या दिवशी ती लगेच गप्प झाली नाही. वेतावरून कुणी नख ओढावं तसा आवाज एक क्षणभर जास्त चालला आणि मग थांबला. उंदीर, मी म्हणालो. सारजाच्या कृपेनं घरात काय कमी होते का?

५

कागद पोचवायला मी स्वतः लोणी देवकरला गेलो. राजवर्धन सर माणूस मोठा, पण स्वरूपाचं नाव निघालं की अजून चष्मा काढून पुसतात. ती त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि कड्यावर बोट ठेवलं.

"तात्या, हे काय आहे?"

मी म्हणालो, तेच विचारायला आलोय.

त्यांनी त्यांच्या कंप्युटरवर फाइल उघडली. अकरा थर. माझ्याकडून पेनड्राइव्हवर नेलेलं जाजम चढवलं, त्यांच्या छोट्या प्रिंटरवर एक तुकडा काढला. अकरा चौकोन, कडं नाही, सगळं चोख. मग ते म्हणाले. स्वरूपानं जाता जाता काहीतरी लपवून ठेवलं असेल, असे खेळ प्रोग्रॅम लिहिणारे करतात, आपलं नाव नाहीतर एखादं चित्र. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पोरीनं माझ्यासाठी मागं काही ठेवलंय, म्हणून येताना भिगवणपर्यंत मी गाडीत रडत आलो.

घरी येऊन पुन्हा एक कागद काढला आणि आधीच्या शेजारी ठेवला. कडं त्याच जागी होतं. ठिपके मात्र सरकले होते. पहिल्या कागदावर दाट होते ती जागा आता विरळ होती, आणि पलीकडची दाट झाली होती. तिनं आधीच काढून ठेवलेलं चित्र असतं तर ते दर वेळेला तसंच यायला हवं होतं.

६

जाजमचं काम काय, तर डोळ्याला दिसत नाही ते जमिनीएवढं करून दाखवायचं. त्यात एकच थर निवडून छापता येतो, आणि हवा तेवढा भाग हवा तेवढा मोठा करता येतो. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. सुचलं असेलही, मी टाळलं असेन.

सारजा पलीकडं दळण निवडत होती. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरवर गाणी चाललेली. मी बारावा थर निवडला. बाकी सगळे बंद केले, पाठीमागं सलग निळा रंग दिला आणि ते कडं पूर्ण खोलीएवढं केलं. आठ कागद. मशीनला सव्वा तास लागला. एकेक कागद मी जमिनीवर टाकत गेलो, खुणेला खूण जुळवली, चिकटपट्टी लावली. मग स्टुलावर उभा राहून खाली बघितलं.

ते ठिपके नव्हते, पावलं होती.

निळ्या जमिनीवर पांढरी पावलं, माणसाची, एकामागं एक. काठाकाठानं गोल चाललेली. एक फेरी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, इतक्या की काही ठिकाणी नुसता पांढरा पट्टा झाला होता. मधे एक-दोनदा काठाकडं तोंड करून थांबलेली, मग पुन्हा चालायला लागलेली. पण काठाच्या बाहेर एकही गेलं नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. शाईचे डाग आहेत, ढगात हत्ती दिसतो तसं आहे. खाली उतरलो, गुडघे टेकले आणि रांगत रांगत एक पाऊल जवळून बघितलं. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. स्वरूपाचं तसं होतं, तिची आजी म्हणायची, ही सासरी राज्य करील. पण असं बोट हजार जणींचं असतं. मी डाव्या पावलाची टाच शोधली.

टाचेवर आडवी खाच होती. सहा वर्षांची असताना वरकुट्याच्या जत्रेला माझ्या सायकलवर मागं बसली होती, आणि टाच चाकात गेली. पाच टाके पडले होते. सायकल मी चालवत होतो.

चपलांच्या फळीवरून तिची चप्पल आणली. खोलीएवढ्या त्या कागदावर, माझ्याच मशीननं छापलेल्या पावलावर, ती बरोबर बसली.

७

माणूसच आहे, चिमणी नाही, शेळी नाही, माझ्या मनात पहिलं हेच आलं. आता सारजाला सांगता येईल. मी दारापर्यंत गेलोही. तिथं थांबलो, कारण कड्याचा काठ मला कुठंतरी ओळखीचा वाटत होता. तो सरळ गोल नव्हता. एका बाजूला आत दबला होता, आणि तिथं काठाचे दोन दात तुटलेले होते.

मी कोपऱ्यात बघितलं. रोलच्या ढिगाखाली डालगं. वरकुट्याहून टेम्पोत आणताना त्याची एक बाजू दबली होती. त्या बाजूचे दोन वेत तुटले होते, ते मीच कापून टाकले होते.

फेब्रुवारीपासून ते तिथं पालथं होतं. कुणी उताणं केलं नव्हतं, नाव घेतलं नव्हतं, जा म्हणालं नव्हतं. आणि पाच महिने मी त्याच्यावर कागद रचत होतो.

मी तिथंच जमिनीवर, तिच्या पावलांवर बसलो. मशीन बंद होतं, एसी बंद होता. डालग्यातून नख ओढल्याचा आवाज येत होता, वेतावेतावर अडत, गोल. मी हाक मारली नाही. मला भीती वाटली, हे मी कबूल करतो. पण ओ आली तर, ही ती भीती नव्हती. ओ यायची थांबली तर, याची होती.

एवढंच करायचं होतं. रोल बाजूला काढायचे, दोन हातांनी डालगं उताणं करायचं, आणि म्हणायचं, स्वरूपा, जा. आठ वर्षांच्या पोरालाही जमेल असं काम. मी हात पुढं केला आणि वरच्या रोलवर ठेवला. उचलला नाही.

गेली की गेली. मग कागदावर काय उमटणार? मग सकाळी यादी मोजायची, अकरा चौकोन बघायचे, आणि अगरबत्ती लावायची. तेवढ्यात सारजानं जेवायला हाक मारली. मी कागद गुंडाळले आणि गेलो.

वाढताना तिनं विचारलं. हाताची सूज अजून उतरली नव्हती, भाताची पळी तिनं दुसऱ्या हातात धरली होती. ताटाच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती आणि ती रांगेला वाट देऊन भात वाढत होती.

"काय उमटलं व्हतं?"

"चिमणी," मी म्हणालो. "पाखराचा पंजा व्हता, बारीक. मी बगितला व्हता. तुला सांगायचा धीर झाला न्हाय."

तिनं पळी खाली ठेवली. मग पदराचं टोक तोंडात धरून रडली, फेब्रुवारीत रडली नव्हती एवढी. आणि मग डोळे पुसून, पहिल्यांदा, ताटाच्या कडेच्या मुंग्या तिनं हलक्या हातानं झटकल्या.

८

सारजा आता बरी आहे. पोटभर जेवते, झोपते. उंदरांना पिंजरा लावला, कुत्रं हाकललं. पत्र्याखाली खोक्याचं घरटं बांधलंय, तिथं चिमण्यांची जोडी आली. ती रोज सकाळी तांदूळ टाकते आणि त्यातल्या एकीशी बोलते. उन्हात उभी राहून, हसत, आज भाजी काय केली ते सांगते. मी काउंटरवरून बघतो आणि नजर काढून घेतो. कुशाआत्याचा फोन आला होता. म्हणाली, सावळा, चांगलं केलंस. मी हो म्हणालो.

घरात आता उंदीर नाहीत. आवाज आहे.

रोज दुपारी सव्वातीनला मी दार लावून बारावा थर काढतो. एकच कागद, सगळं कडं त्यात मावेल असा. राजवर्धन सरांना कळवलं की मशीन बिघडलंय, काम दुसरीकडं द्या. तिच्या कागदांना दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको.

पहिले काही दिवस पावलं फिरत होती. मग फेऱ्या कमी झाल्या. मग एक दिवस ती मधे येऊन उभी राहिली, दोन्ही पावलं जवळ जवळ, बोटं माझ्या खुर्चीच्या बाजूला. त्या दिवशी मी कागदावर हात ठेवून खूप बोललो. तिला सांगितलं की काळ्या रंगाचं तुझंच बरोबर होतं. आईनं चिमणी पाळलीय, तुझ्या नावानं, हेही सांगितलं. शेवटचं सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी पावलं तिथंच होती. तिसऱ्या दिवशीही. रोज बोटं तेवढी माझ्याकडं. मला कळत नव्हतं असं नाही. दवाखान्यात ती अशीच बघायची, हात पुढं करण्याआधी.

आज कागद बाहेर आला तेव्हा आधी वाटलं, शाई जास्त पडली. पावलं अर्धीच होती. दोन्ही टाचा नव्हत्या, खाचसुद्धा नव्हती. फक्त चवडे आणि दहा बोटं, कागदात रुतल्यासारखी. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा काढताना ती अशी उभी राहायची, टाचा उचलून, हात वर ताणून.

कोपऱ्यात डालग्यावरचा सगळ्यात वरचा रोल थोडा हलला. मग पुन्हा हलला. काठाखाली जमीन आणि वेत यांच्यामध्ये एक फट दिसली. बोटभरही नसेल. मी त्या फटीकडं नीट बघितलं नाही. पांढरं काहीतरी होतं.

बाहेर सारजा चिमणीला हाका मारत होती, स्वरू, ये गं, ये.

"आणखी एकच दिवस, बाळा," मी म्हणालो. "आणखी एकदाच."

आणि भिंतीशी ठेवलेला नवा कोरा रोल दोन्ही हातांनी उचलून मी डालग्यावर ठेवला.